बारकं दार

“पायरीवर पडू नगासा, डोस्कं फुटंल. आत जावा आन् पंख्याखाली पडा. डावीकडं बघूच नगा, तिकडं बारकी बाई बसलीया.”

हे मी माझ्या खिडकीतून ऐकत होते. बोलत होती बायाक्का, रुग्णालयाच्या फाटकाशी चहाचा गाडा लावणारी. ऐकत होता एक धट्टाकट्टा माणूस. त्याला खोकला झाला होता आणि त्याला उचलून आत न्यायला सोबत दोन मेहुणे आले होते. बारकी बाई म्हणजे मी.

“खोकल्याला कसं पडायचं, आक्का?” थोरल्या मेहुण्यानं विचारलं.

“कुशीवर. उताणं पडत्यात ते पोटाचं. छातीवर हात ठिवा आन् विव्हळा. विव्हळल्याबिगार दस्तगीर आत सोडत न्हाई.”

माणसानं विव्हळून दाखवलं.

“हे रेडकावानी झालं. जरा माणसावानी.”

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. बायाक्कानं मान डोलावली. मेहुण्यांनी चहा संपवला, पेशंटला खांद्याला आणि पायांना धरून उचललं, आणि ते तिघं उजवीकडच्या दारातून आत गेले. पेशंट चांगलाच विव्हळत होता. तोंडात बिस्कीट असल्यामुळे थोडं अस्पष्ट येत होतं, एवढंच.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राची नोकरी म्हणून मला उसाच्या पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नेमलं होतं. तिथल्या अपघात विभागात येणाऱ्या बहुतेकांना कसलाही अपघात झालेला नसायचा. कुणाला पडसं, कुणाला खरूज, कुणाचे गुडघे गेल्या दिवाळीपासून धरलेले. त्या गर्दीत ट्रॅक्टरवरून खरोखर पडलेला माणूस रांगेत उभा राहायचा, म्हणजे उभं राहता येत असेल तर. म्हणून वरून योजना आली की अपघात विभागाला लागूनच दुसरं दार उघडायचं आणि साध्या आजारांना तिथं साधा डॉक्टर द्यायचा. दार डाव्या बाजूला उघडलं. साधा डॉक्टर म्हणून मला बसवलं. वर ‘प्राथमिक तपासणी कक्ष’ अशी पाटी लागली. लोकांनी पाटी वाचली आणि माझ्या दाराला बारकं दार म्हणायला लागले. अपघात विभाग आपसूकच मोठं दार झाला.

कोणी कुठल्या दारानं जायचं, याचा नियम डॉक्टर वाळिंबे यांनी केला. ते अपघात विभागाचे प्रमुख. हात कुशल, आवाज मोठा, आणि ऐकून घ्यायला सवड कुणासाठीच नाही.

“सोपं आहे, मगदूम,” ते मला म्हणाले. “चालत आला तो तुमच्याकडे, झोपून आला तो माझ्याकडे. दारात दस्तगीर शिपाई उभा राहील.”

“सर, पण यात फक्त पाय तपासले जातात.”

“मग?”

“खरूज झालेला माणूस झोपून येऊ शकतो. आणि हार्ट अ‍ॅटॅक आलेला चालत येऊ शकतो.”

“खरूज झालेला झोपून कशाला येईल?”

याचं उत्तर त्यांना लवकरच मिळालं. मोठ्या दारात बाटली लागायची. हाताला सलाईनची बाटली लागली की माणूस खरंच आजारी होता, हे गावात शाबीत व्हायचं. माझ्याकडे गोळ्या, मीठ-साखरेची पुडी आणि ‘तंबाखू सोडा’ एवढंच मिळायचं, आणि त्यातलं शेवटचं तर फुकट घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. शिवाय अब्रूचा प्रश्न होता. सासूला बारक्या दारात नेलं म्हणून एका सुनेशी अख्ख्या भावकीनं बोलणं टाकलं होतं. मग लोक येताना घरची बाज घेऊन यायला लागले. एका पैलवानाला त्याच्या आईनं आणि बहिणीनं पायऱ्यांवरून ओढत आणलेलं मी पाहिलं. तो डोळे मिटून त्यांना “हळू वढा” म्हणत होता. दस्तगीरमामा दारात उभे राहून पाय बघायचे आणि वाट करून द्यायचे. साहेबांची ऑर्डर होती.

या सगळ्याचं शिक्षण बायाक्काच्या गाड्यावर चहाबरोबर मिळायचं.

बायाक्का पन्नाशीची असेल. उभट, काटक, सदा उभी. आणि सदा बोलत. चहा गाळताना बोलायची, कप विसळताना बोलायची, गिऱ्हाईक नसेल तर स्टोव्हशी बोलायची. वाळिंबे सरांची जुनी स्कूटर फाटकातून आत आली की म्हणायची, “डाक्टर, ही म्हस कवा इकताय? दूध तर देत न्हाई.” सर रोज ऐकायचे, रोज चिडायचे आणि रोज तिच्याकडूनच चहा मागवायचे.

एकदा मी तिच्याशी भांडायला गेले. मला भांडता येत नाही. मी मुद्दे सांगते.

“बायाक्का, तुम्ही लोकांना पडायला शिकवता. त्यामुळे खरे आजारी मागे राहतात.”

“च्या घेनार?”

“नको. मी काय म्हणतेय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय की. तुमच्याकडं गिऱ्हाईक येत न्हाई, म्हनून तुमास्नी राग आलाय. मलाबी येतो. पल्याड त्यो वडापाववाला बसला, तवा आसाच आलता.”

“हा धंदा नाही.”

“बरं. न्हाई तर न्हाई.” तिनं फडक्यानं गाडा पुसला. “बाई, मी काय तुमच्या वंगाळावर न्हाई. पर मानूस यष्टीतनं आपटत येतंय, उनाचं येतंय. त्याला वाटतं, कुनीतरी आपल्याला निजवावं, वर पंखा फिरावा, एखादी सुई टोचावी. आन् तुमी काय म्हनता? जीभ दाखवा. जीभ दाखवायला येवढ्या लांबनं कोन येतंय?”

मी माझ्या खोलीत परत आले. पाच मिनिटांत तिनं चहा पाठवला. तो चांगला होता, याचा मला जास्त राग आला.

त्यानंतर लग्नसराई लागली.

त्या दिवशी दाट तिथ होती. दुपारी एक टेम्पो फाटकातून आत शिरला आणि त्यातून उलट्या करणारी माणसं उतरली. एका लग्नातली बासुंदी बाधली होती. आलेले सगळे नवरीकडचे होते. शेवटच्या पंगतीला बसले होते, तोवर बासुंदी उन्हात राहिली होती. म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळ्यांचे डोळे खोल गेलेले. दस्तगीरमामांनी त्यांना उजवीकडे घेतलं. वाळिंबे सरांनी भराभरा बाटल्या लावल्या. स्टँड संपले तेव्हा भिंतीतल्या खिळ्यांना लावल्या. इथवर सगळं शिस्तीत चाललं होतं.

मग नवऱ्याकडचे आले. ते पहिल्या पंगतीचे. कुणाच्या पोटात गुरगुरत होतं, कुणाला एखादी उलटी झाली होती, आणि बऱ्याच जणांना दुसऱ्याला होताना बघून मळमळत होतं. चालत आले, म्हणून दस्तगीरमामांनी माझ्याकडे पाठवले. सगळ्यांत पुढे नवरदेवाचे मामा होते. अंगानं भरदार, डोक्याला गुलाबी फेटा. मी त्यांचं पोट तपासलं, नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि त्यांच्या हातात पुडी ठेवली.

“ही काय?”

“पाण्यात विरघळवून घोट घोट प्या. संध्याकाळपर्यंत बरं वाटेल.”

“आन् नवरीकडच्यास्नी?”

“त्यांना सलाईन लावलंय. त्यांना जास्त त्रास आहे.”

मामांनी पुडी टेबलावर ठेवली आणि एका बोटानं माझ्याकडे सरकवली.

“लगीन आमच्या पोराचं. नवरीकडच्यास्नी बाटली, आन् आमास्नी पुडी?”

“मामा, हा मानपान नाही. जुलाब आहेत.”

“म्हंजे आमास्नी कमी झाल्यात, आसं म्हननं हाय तुमचं?”

असंच माझं म्हणणं होतं. पण मामा उठले आणि त्यांच्यामागे सगळे बाहेर पडले. खिडकीतून मला दिसलं, मंडळी बायाक्काच्या गाड्याभोवती उभी होती आणि ती हात हलवून काहीतरी समजावत होती. “पोटाचं हाय, उताणं पडा” आणि “सगळ्यांनी येकदम न्हाई” एवढं मला ऐकू आलं.

थोड्या वेळानं नवऱ्याकडची मंडळी मानाप्रमाणे आत यायला लागली. आधी मामांना उचलून आणलं, मग नवरदेवाच्या वडिलांना, मग चुलत्यांना. उचलून आणणारे बाहेर जायचे आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या खांद्यावरून यायचे. उचलणारे संपेपर्यंत हे चाललं. शेवटी दोघंच उरले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दारातच आडवे झाले. दस्तगीरमामांनी त्यांचे पाय पाहिले आणि आत ओढून घेतले.

त्यानंतर मला बरंच शांत वाटलं. आपल्याला शांत का वाटतंय, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. खिडकीतून बायाक्काचा आवाज येत नव्हता.

मान वर केली तर ती माझ्या दारात उभी होती. चालत आली होती. किटली हातात तशीच होती.

“दाढ दुखतीया,” ती म्हणाली. “गोळी आसली तर द्या.”

“कुठली दाढ?”

तिनं खालच्या जबड्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हात फिरवला. मग तो हात गळ्यावरून खाली आला आणि छातीच्या वरच्या हाडाशी थांबला.

“लवंग धरली हुती. ऱ्हाईना.” आणि मी न सांगता ती स्टुलावर बसली.

बायाक्काला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. कपाळावर घाम होता. स्टोव्हपाशी उभं राहणाऱ्या बाईला घाम येणारच, पण मी हात लावला तर कपाळ गार होतं. नाडी मंद होती आणि मधेच एखादा ठोका चुकत होता. मी रक्तदाब घेतला. विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा घेतला.

“कधीपासून दुखतंय?”

ती गप्प.

“मळमळतंय?”

तिनं होकारार्थी मान हलवली.

“बायाक्का, बोला जरा.”

“काय बोलू,” ती म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. दाढा अशा दुखत नाहीत. मी तिच्या हातातून किटली काढून घेतली, अ‍ॅस्पिरिनची गोळी दिली आणि चावून खायला लावली. माझ्या खोलीत तिच्यासाठी तेवढंच होतं. ईसीजीचं यंत्र, ऑक्सिजन, बंद पडलेलं हृदय चालू करायचं यंत्र, सगळं मोठ्या दारात. मधे एक व्हरांडा. पण त्या व्हरांड्यातून तिला चालवत नेणं म्हणजे तिला चालवत मारणं होतं.

मी दस्तगीरमामांना हाक मारली.

“मॅडम, आक्का चालत आली,” ते म्हणाले. “मी सोता बघितलं. आर्डरपरमानं तुमच्याकडंच.”

“आता ती चालणार नाही. स्ट्रेचर आणा.”

“स्ट्रेचर कुठलं? शेवटच्या स्ट्रेचरवर नवरदेवाचा मोठा चुलता हाय.”

“मग माझी खुर्ची धरा. तिकडून तुम्ही, इकडून मी.”

आम्ही तिला स्टुलावरून खुर्चीत घेतलं आणि खुर्ची उचलली. तिनं माझा दंड पकडला.

“नगं, पोरी. त्या मान्सांम्होरं नगं.”

“कोणत्या माणसांसमोर?”

“माझ्याच.”

मोठ्या दारात आम्ही शिरलो तेव्हा आत विव्हळण्याचा एकच सूर लागला होता. नवरीकडचे खालच्या पट्टीत, नवऱ्याकडचे वरच्या. आम्हाला पाहून तो तुटला.

“आक्का आली,” कुणीतरी म्हणालं.

फेटेवाले मामा कॉटवर कोपरावर उठले. “आक्का, खुर्चीवर न्हाई चालत. आडवं पडायचं. तुमीच सांगितलंसा.”

“आन् विव्हळायचं,” जमिनीवरून एकजण म्हणाला. “आक्का विव्हळतच न्हाई.”

“छातीवर हात हाय, त्ये बराबर.”

“आरं, त्वांड बघा की. येकदम झ्याक जमलंय. पांढरंफट.”

एकानं दाद दिली. एका हाताला सुई होती, म्हणून दुसऱ्या हातानं मांडीवर थाप मारली.

वाळिंबे सर वळले. त्यांच्या अ‍ॅप्रनवर बासुंदी होती.

“आता हिलाही आणलंत? मगदूम, या बाईनं माझ्या विभागाचं कार्यालय करून ठेवलंय, मंगल कार्यालय. बाहेर न्या तिला.”

“सर, हिचा ईसीजी काढायचाय.”

“हिचा? सगळ्या तालुक्याला नाटक हिनं शिकवलं, आणि तुम्ही हिचा ईसीजी—”

“सर, ती बोलत नाहीये.”

सर थांबले.

“मी तिला विचारलं, ती गप्प बसली. हे सगळे चेष्टा करतायत, ती गप्प आहे. तुम्ही आत्ता तिला नाटकी म्हणालात, तरी गप्प आहे.”

सर माणसं ओलांडत आमच्यापाशी आले. खुर्चीसमोर वाकले.

“बायाक्का,” ते म्हणाले. “म्हैस काय भावानं विकू?”

बायाक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत.

“कॉट,” सर ताठ होत ओरडले. “एक कॉट रिकामी करा. आत्ता.”

कुणीही हललं नाही.

“नवरीकडच्यास्नी उठवा,” मामा म्हणाले.

“आमास्नी खरंच झाल्यात,” पलीकडच्या कॉटवरून नवरीची चुलती म्हणाली. तिच्याकडे बघूनच ते कळत होतं.

“आन् आमास्नी काय खोट्या झाल्यात?”

सर आणखी जोरात ओरडले. त्यावर सगळे शिकवल्याप्रमाणे आणखी जोरात विव्हळायला लागले. दस्तगीरमामांनी एकाला बखोटीला धरून उठवायला सुरुवात केली, तर तो अंग सैल सोडून खाली घसरला. तेही त्याला शिकवलेलं असावं. बायाक्काचा हात माझ्या दंडावर होता. त्याची पकड ढिली होत चालली होती.

माझा आवाज मोठा नाही. मी मामांच्या कॉटपाशी गेले आणि त्यांना हळूच म्हटलं, “मामा, मघाशी माझं चुकलं. नवऱ्याकडच्या मंडळींना असं सगळ्यांत मिसळून ठेवणं शोभत नाही. तुमच्यासाठी वेगळी खोली ठेवलीय.”

विव्हळणं थांबलं. “वेगळी?”

“फक्त नवऱ्याकडच्यांसाठी.”

“पंखा हाय?”

“आहे.”

मामांनी नवरीकडच्या कॉटांकडे डोळ्यानं दाखवलं. “आन् ह्ये?”

“ह्यांना तिथं येता येणार नाही.”

मामा उठून बसले. फेटा सारखा केला. मग स्वतःची बाटली स्वतःच खिळ्यावरून काढली, हात उंच करून धरली आणि पायांत चपला सरकवून निघाले. त्यांच्यामागे नवरदेवाचे वडील, वडिलांमागे चुलते, चुलत्यांमागे बाकीचे. ज्यांच्या बाटल्या होत्या त्यांनी त्या डोक्याच्या वर धरलेल्या. मोठ्या दारातून निघून सगळी वरात व्हरांड्यातून बारक्या दारात शिरली. वाजंत्री तेवढी नव्हती.

वाळिंबे सर त्यांच्या पाठीकडे बघत होते.

“पाय उत्तम आहेत सगळ्यांचे,” ते म्हणाले.

 आम्ही बायाक्काला कॉटवर घेतलं.

ईसीजीची पट्टी यंत्रातून बाहेर येत होती तशी सर ती वाचत होते. पूर्ण व्हायच्या आत त्यांनी ती फाडली. “हृदयाची खालची भिंत,” ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. हातात कुशलता असलेला माणूस काम करताना कसा गप्प होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. फ्रिजमधून गुठळी विरघळवणारं औषध आलं. मी सुई लावली. औषध जात असताना पडद्यावरची रेघ एकदम थरथरली, तिचा काही आकारच उरला नाही, आणि बायाक्काचे डोळे वर गेले. सरांनी “बाजूला” म्हटलं आणि तिच्या छातीवर यंत्राचे हात दाबले. तिचं अंग उडालं. रेघ थरथरतच राहिली. त्यांनी पुन्हा दाबले. दस्तगीरमामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

नवरीकडचं एकही माणूस विव्हळत नव्हतं.

मग रेघेला एक टोक आलं, मग दुसरं. नाडी लागली. आधी माझ्या बोटांना, मग सरांच्या. आम्ही दोघांनीही तिचा एकेक हात धरून ठेवला होता आणि कुणी सोडत नव्हतं.

बऱ्याच वेळानं बायाक्कानं डोळे उघडले. वर पंखा फिरत होता. तिनं तो पाहिला, मग सरांना पाहिलं.

“फुकटबी कोन नेत न्हाई ती म्हस,” ती म्हणाली.

सर “मी आलोच” म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. बराच वेळ ते आत आले नाहीत.

मी माझ्या खोलीत गेले तेव्हा मामा माझ्या टेबलावर आडवे झाले होते आणि बाकीच्यांनी पंख्याखाली कोंडाळं केलं होतं. पुड्या विरघळवून सगळे आनंदानं पीत होते, कारण माझ्या कक्षातल्या सिस्टरनं त्यांना सांगितलं होतं की ही पुडी फक्त याच खोलीत मिळते. दारात नवरीची चुलती बाटली धरून उभी होती.

“आमचं लेकरू दिलंय तुमास्नी,” ती मामांना म्हणत होती. “तरी खोली तुमी येकट्यानीच घ्यायची व्हय?”

बारक्या दारात शिरायला माणसं भांडताहेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी पायांचा नियम काढून टाकला. काढला असं ते म्हणाले नाहीत. एका सकाळी आले, माझं टेबल खोलीतून उचलायला लावलं आणि दोन्ही दारांच्या मधे, व्हरांड्यात ठेवलं. “तुम्ही इथं बसा. आधी तुम्ही बघा, मग दस्तगीर दार उघडेल,” एवढंच म्हणाले. बंधपत्र संपल्यावरही मी ते टेबल सोडलं नाही.

बायाक्काला घरी सोडायच्या दिवशी तिची मुलगी इचलकरंजीहून न्यायला आली होती. मुलगी बाहेर रिक्षा ठरवत होती. मी बायाक्काच्या कॉटवर बसले.

“एक विचारायचं होतं. अख्ख्या तालुक्याला तुम्ही पडायला शिकवलंत. मग स्वतःवर वेळ आली तेव्हा चालत माझ्याकडे का आलात? सरळ मोठ्या दारात पडायचं.”

“पडनार कुठं, पोरी?” बायाक्का म्हणाली. “दारातनं डोकावले की. पाय ठिवायला जागा न्हवती. सगळी मीच निजवलेली.”

तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघायचं टाळून पुढे म्हणाली, “तुझ्याकडं मोकळं हुतं.”

दोन महिन्यांनी ती गाड्यावर परतली. आता स्टुलावर बसून चहा गाळायची. लोकांना पडायला शिकवणं तिनं बंद केलं होतं. मी व्हरांड्यातून कान देऊन खात्री करून घेतली. माणसं सरळ चालत यायची, माझ्यासमोर बसायची. मला बरं वाटत होतं.

आणि मग एका सकाळी तो खोकलेवाला पुन्हा आला. दोन मेहुणे सोबत होतेच. या वेळी तो स्वतःच्या पायांनी आला, खुर्चीत बसला आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

“काय होतंय?”

तो गप्प.

“खोकला आलाय का पुन्हा?”

गप्प. मेहुणेही गप्प. थोरला मेहुणा तर मोठ्या दाराकडे अपेक्षेनं बघत होता.

मी त्याची नाडी धरली. छातीला स्टेथोस्कोप लावला. सगळं ठीक होतं. तरी तो बोलेना, आणि मला त्या दिवशीची बायाक्का आठवली. मी दस्तगीरमामांना दार उघडायला सांगणार, एवढ्यात फाटकाकडून आवाज आला. पुढच्या गिऱ्हाइकाला समजावून सांगणं चाललं होतं.

“त्या बाईम्होरं विव्हळू नगासा. विव्हळनाऱ्याला ती पुडी देती. नुसतं गप बसा. मानूस गप बसलं की ती लई घाबरती.”

मी स्टेथोस्कोप काढून ठेवला आणि खोकलेवाल्याला जीभ दाखवायला सांगितली.

जिभेवर बिस्कीट होतं.